पाचशे चादरी, नावासकट

भद्रावती पेठेत आमचं कार्ड-पंचिंगचं दुकान.
म्हणजे होतं. आता एक कॉम्प्युटर आहे,
आणि भोकं पाडायचं जुनं मशीन पोत्याखाली झाकलेलं,
त्यावर पोरगी शाळेतून आली की दप्तर टाकते.

मागच्या मार्गशीर्षात एकजण आला, पांढरे बूट.
म्हणाला, पाचशे चादरी, थंडीत वाटायच्यात,
मधल्या मोराच्या पोटात नाव बसवा:
‘समाजमित्र रेवणअण्णा धोत्रीकर यांजकडून
गोरगरिबांस सप्रेम.’
म्हटलं, अण्णा, एवढ्या अक्षरांनी मोर फुटंल.
म्हणाला, मोर काढा.

रम्यानं स्क्रीनकडं बघितलं.
‘किती फ्लेक्स करालाय बे हा!’
म्हटलं, फ्लेक्स नाही गं, कॉटन आहे.
ती पोट धरून हसली.

फ्लेक्स म्हणजे आमच्या लेखी वस्तू.
सात रस्त्याला खांबाला आवळलेली,
वाढदिवसाला चाळीस तोंडं असलेली,
फाटली की भाजीवालीच्या डोक्यावर सावली होणारी.
हिच्या पिढीत तिला हातपाय फुटले,
क्रियापद होऊन गावभर हिंडते.

मग शिकवणीच बसली माझी.
चमको. शायनिंग. नुसती हवा.
आणि कुणाच्या दुःखावर कॅमेरा धरून
स्वतः भारी दिसणं, त्याला यांच्या वर्गात
‘पुण्याचा फिल्टर’ म्हणतात.
पुण्याचा, म्हणजे शहराचा?
‘नाही ओ पप्पा, पाप-पुण्यातला.’

माझी आई विड्या वळायची.
हजार झाल्या की बोटं उन्हात धरून बसायची.
तिच्याकडं या गोष्टीला शब्द नव्हता.
दिवा लावावा, म्हणायची, वाजवू नये.

त्या रात्री मीही स्टेटस टाकलं.
काळ्यावर पांढरी अक्षरं:
उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये.
खाली जोडलेले हात, दोनदा.
मग कूस बदलली की बघायचो, किती झाले.
चौसष्ट.
साडूनं बघितलं नव्हतं.
साडू मुद्दाम बघत नाही.
शेजारच्या खोलीतून रम्याचा मेसेज आला:
पप्पा, फिल्टर काढा.

अण्णाला मी अक्षरामागं जादा लावले होते,
हेही सांगून टाकतो.
‘सप्रेम’चे वेगळे.

वाटप झालं. फोटोत चादर एक आणि हात अकरा,
ज्याला दिली तो माणूस
कुणाच्या तरी कोपराखाली गेलेला.

आठवड्यानं साडूला आणायला पहाटे स्टेशनवर गेलो.
तिकीटघराच्या बाहेर एक म्हातारी बसलेली,
डोक्यापासून चादर, आमचीच,
पण उलटी पांघरलेली.
उलट्या बाजूला रंग पालटतात आमच्याकडं, अक्षरंही फिरतात,
अण्णा सगळा उजवीकडून डावीकडं चाललेला.

ती शेजारच्याला विचारत होती,
हे कानडीत हाय का रं?
तो इंडीकडचा. चहा फुंकत त्यानं चादरीचं टोक उचललं,
‘नम्दल्ल,’ म्हणाला. तेलुगू असंल.
मग दोघांनी माझ्याकडं बघितलं.
तेलुगू माझ्या घरची. ती ही नव्हे.
मला वाचता येत होतं पण,
काना न् काना. मीच बसवला होता.
म्हटलं, काही नाही मावशी, नक्षी आहे.

तिनं टोक डोळ्याजवळ नेऊन
बराच वेळ बघितलं, बोट फिरवलं अक्षरांवरून.
गाडी आल्याची घंटा झाली.
‘आसंल,’ म्हणाली. ‘ऊब हाय बक्कळ.
पर मधी मोर पाहिजे हुता.’